नळीला न कळलेली माणसं

उल्मर गावाची लोकसंख्या अल्विना वोंद्राच्या स्वयंपाकघरात, चमच्यांच्या खणात ठेवलेली असे. पत्र्याचे आकडे होते, शून्यापासून नऊपर्यंत, प्रत्येकाच्या डोक्याला भोक. जुन्या स्टेशनच्या भिंतीवर पाटी होती आणि पाटीवर तीन खिळे. कुणी जन्मलं, मेलं किंवा सामान बांधून फिनिक्स शहरात गेलं, की गावची कारकून या नात्यानं अल्विना खणातून योग्य तो आकडा शोधायची, एप्रनला पुसायची आणि जाऊन खिळ्याला अडकवून यायची. एके काळी त्या पाटीवर ४१२ होते. आता शतकाचा खिळा मोकळा पडूनच तीस वर्षं झाली होती आणि त्यावर गांधीलमाश्यांनी पोळं केलं होतं. "तेवढीच वस्ती वाढली," असं तिचा नवरा लाइल म्हणायचा.

या आकड्यांचा एक नियम होता, तो कुठं लिहिलेला नव्हता. माणूस मेला तरी त्याला माती मिळेपर्यंत तो गावातच धरायचा. आधी त्याला नीट पोचवायचं, मग आकडा बदलायचा. घाई करायची नाही. उल्मरमध्ये तशी घाई कशाचीच नव्हती.

गाव झालं ते वाफेच्या इंजिनाला तहान लागते म्हणून. दर दहा मैलांवर पाणी हवं, पाण्याजवळ टाकी हवी, टाकीजवळ माणूस हवा आणि माणूस म्हटला की त्याच्या मागोमाग बायको, ख्रिस्ती देऊळ, दारूचं दुकान आणि भांडणं ही आलीच. रेल्वे कंपनीनं गावांना नावंही इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमानं देऊन टाकली. सॉर्बी, टिल्टन, उल्मर, व्हेल्डन, वायकॉफ. उल्मर हे म्हणे मोजणीवाल्या साहेबाच्या स्वयंपाक्याचं आडनाव. नकाशाही सगळ्या गावांना एकच दिला होता, शिंप्यानं एकाच मापाचे सदरे शिवावेत तसा. मध्ये रूळ, उत्तरेला देऊळ, धान्याची कोठारं आणि घरं, दक्षिणेला पोस्ट, कॉफीचं दुकान, थोडी घरं आणि कबरस्तान. कबरस्तान दक्षिणेला, कारण धूर तिकडं जातो आणि मेलेल्यांना धुराचा त्रास होत नाही. टिल्टनचा एक गृहस्थ जरा जास्त घेऊन चुकून उल्मरला उतरला, रस्त्यानं दोन वळणं घेऊन "आपल्या" घरी गेला आणि बूट काढून झोपला. त्या घरच्या बाईनं सकाळी त्याला अंडी करून घातली. "टिल्टनमध्ये तुमचं घर हेच का?" असं तिनं विचारलं, तर तो म्हणाला, "हेच. फक्त आमच्याकडे अंडी जरा कच्ची असतात."

पुढं वाफेची इंजिनं गेली, टाकी गेली. प्रवासी गाडी गेली. शाळा गेली. हॉटेल जळालं, ते जळतंच राहिलं, कारण विझवायला पाणी नव्हतं. ज्या गावाचा जन्मच पाण्यासाठी झाला, त्याची ही गोष्ट. वायकॉफ तर नकाशावरूनच गेलं. उरल्या त्या कोळशाच्या मालगाड्या. एकेका गाडीला एकशे दहा वाघिणी. त्या उल्मरमध्ये थांबत नसत, नुसत्या गावाचे दोन तुकडे करून निघून जात.

ते दोन तुकडे जोडून ठेवणारं एकच फाटक होतं. फाटक म्हणायचं ते सवयीनं. दांडा नाही, दिवा नाही. दोन्ही बाजूंना फुलीचा एकेक खांब आणि रुळांमध्ये टाकलेल्या फळ्या. अल्विनाचं घर उत्तरेला, फाटकापासून पन्नास पावलांवर. तिच्या भांडी घासायच्या मोरीवरच्या खिडकीतून सगळा दक्षिण भाग दिसे: पोस्ट, पोस्टाच्या दारात ते सांभाळणारी बर्नडीन, त्याच्या मागं कबरस्तानातली सीडरची झाडं. अल्विना लग्नाआधी दक्षिणेची. लाइल उत्तरेचा. तिचा बाप लग्नाच्या दिवशी म्हणाला होता की पोरगी परक्या मुलखात दिली. तो परका मुलूख त्याच्या ओसरीतून दिसायचा.

अल्विनाला गाडी चालवता येत नव्हती. जरूरच पडली नाही. रोज दोनदा ती पायी फाटक ओलांडायची, सकाळी टपालाला आणि दुपारी टपालाबद्दल बर्नडीनशी बोलायला. त्रेचाळीस वर्षं.

लाइल रुळांवरचा माणूस. आधी गँगमन, मग त्या टोळीचा मुकादम. अडतीस वर्षं रूळ ठोकले, सरळ केले, बर्फातून उकरले. रुळावरून जाताना लोक कसे मरतात ते त्यानं फार जवळून बघितलं होतं. म्हणून निवृत्तीनंतरही त्याची फाटक ओलांडायची पद्धत ठरलेली होती. पिकअप पुरती थांबवायची. रेडिओ बंद. काच खाली. डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं आणि मग ऐकायचं. नुसतं बघून भागत नाही, ऐकावं लागतं, असं तो म्हणायचा. हे ऐकणं कधी मिनिटभर चाले, कधी तीन मिनिटं. मागं गाडी असली तरी कुणी भोंगा वाजवत नसे. लाइल ऐकतोय म्हटल्यावर गावही गप्प बसे.

आणि एप्रिलमध्ये रेल्वे कंपनीचं पत्र आलं.

पत्रात म्हटलं होतं की उल्मरचं फाटक फारसं वापरात नाही, ते कायमचं बंद करायचं ठरत आहे. मात्र त्याआधी सात दिवस रस्त्यावर नळी टाकून वाहनांची मोजदाद होईल, आणि दिवसाला सरासरी पन्नास वाहनं गेली तर फेरविचार केला जाईल. फाटक बंद झाल्यास नागरिकांनी टिल्टनच्या वाटेवरच्या पुलाचा उपयोग करावा. वळसा अकरा मैलांचा.

हे पत्र अल्विनानंच कॉफीच्या दुकानात वाचून दाखवलं. धान्याच्या कोठारांचा व्यवस्थापक आणि गावचा अध्यक्ष रूडी पॉस्पिशिल शेवटपर्यंत ऐकून म्हणाला की अठ्ठावन्न माणसांच्या गावानं रोज पन्नास गाड्या कुठून आणायच्या? यातली सहा माणसं अंथरुणाला खिळलेली आहेत आणि चार अजून रांगतायत.

"मग आपणच जाऊ आणि येऊ," बर्नडीन म्हणाली. "नळीला काय कळतंय कोण गेलं ते?"

ठरलं. आणि एका शनिवारी दुपारी बारा वाजता रेल्वेच्या कचेरीतला माणूस आला, फाटकाच्या उत्तरेला रस्त्यावर आडवी काळी रबरी नळी ठोकली, तिचं टोक एका लोखंडी पेटीत घातलं, पेटीला कुलूप लावलं आणि निघून गेला. नळीवरून चाक गेलं की पेटीत खट्ट वाजायचं. पेटीतला आकडा गावाला दिसणार नव्हता, म्हणून अल्विनानं खिडकीत एक काचेची बरणी ठेवली. खट्ट झालं आणि गाडी गेली की बरणीत घेवड्याचा एक दाणा. सात दिवसांत साडेतीनशे दाणे हवे होते.

त्याच संध्याकाळी टपालाहून येताना ती नळीवर मुद्दाम उभी राहिली. पेटी गप्प. तिनं टाचेनं दाबून बघितलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून एक उडीही मारली, सत्तराव्या वर्षी. पेटी गप्पच. दारातून बर्नडीन ओरडली की अगं वजन वाढव आधी. अल्विना हसली. पण घरी येऊन तिनं लाइलला सांगितलं, "त्रेचाळीस वर्षं मी रोज जातेय, आणि मी जातच नाही बघ."

लाइलकडून सगळ्यांना मोठी आशा होती. माणूस रिकामा, पिकअप चालू स्थितीतली. पण पहिल्याच दिवशी अडचण निघाली. लाइलला उगाच जाता येईना. तो फाटकापर्यंत गेला, थांबला, ऐकलं आणि परत फिरला. नळीच्या अलीकडूनच. म्हणाला, पलीकडं काम काही नाही, तर रूळ ओलांडू कशाला? अडतीस वर्षं लोकांना तेच सांगत आलो, की काम नसेल तर रुळावर येऊ नका.

मग अल्विनानं कामं काढायला सुरुवात केली. बर्नडीनकडून एक कांदा आण. कांदा आला. आता तिला एक अंडं देऊन ये. अंडं गेलं. पत्र टाकून ये. पत्र टाकायला गेला तेव्हा तिकीट लावायचं राहिलं होतं. ते अल्विनानं मुद्दाम ठेवलं होतं. तिकीट घ्यायला आला, लावायला गेला. दर खेपेला काच खाली, रेडिओ बंद, डावीकडे, उजवीकडे, आणि ऐकणं. रूडीची एक खेप दोन मिनिटांत व्हायची, लाइलची दहा मिनिटांत. कॉफीच्या दुकानात पैजा लागल्या की आता लाइल काय घेऊन येणार. मंगळवारी तो एकच बटण घेऊन आला आणि बर्नडीनला म्हणाला, "या रंगाचा दोरा असला तर दे. आणि नसला तर नाही म्हणून सांग, म्हणजे मी तसं घरी सांगून परत येतो."

एवढी वर्दळ उल्मरनं कित्येक वर्षांत बघितली नव्हती. लोक दिवसातून चारचारदा एकमेकांना हात करत होते. ज्यांचं बोलणं दोन वर्षं बंद होतं ते फाटकावर एकमेकांना आधी जायला सांगत होते. बुधवारी संध्याकाळी बरणीत दोनशे एकेचाळीस दाणे झाले. लाइलनं बरणी उजेडाला धरून हलवली आणि रात्रीच्या जेवणाला तेच दाणे शिजवू नकोस म्हणाला.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला तो दक्षिणेकडून परत येत होता. शेजारच्या आसनावर बर्नडीननं दिलेली आलुबुखाराचं सारण भरलेल्या कोलाच्यांची, म्हणजे गोड पावांची, पुडी. फुलीच्या खांबाशी पिकअप थांबली. रेडिओ बंद झाला. काच खाली आली. त्याच्या मागं बर्नडीनची गाडी होती, तिलाही एक खेप टाकायची होती. ती थांबली. लाइल ऐकत होता. पाच मिनिटं झाली, तिनं नखं बघितली. दहा मिनिटं झाली. तिला वाटलं, लांबची गाडी असेल, आपल्याला ऐकू येत नाही, त्याला येत असेल. पलीकडून रूडी आला, तोही थांबला. दोघांनी एकमेकांकडे बघून खांदे उडवले. अल्विना खिडकीत दाणा हातात धरून उभी होती.

पाव तास कुणी भोंगा वाजवला नाही. गाडी काही आली नाही. मग अल्विनानंच तो दाणा ओट्यावर ठेवला, हात पुसले आणि नळीवरून, फळ्यांवरून चालत पलीकडं गेली. पिकअपचं इंजिन चालू होतं. लाइलचं डोकं किंचित डावीकडं कललेलं होतं, ऐकताना असायचं तसंच. तिनं आत हात घालून किल्ली फिरवली.

डॉक्टर म्हणाले, फार काही कळलं नसेल. बर्नडीन मात्र तो पाव तास पुढं आयुष्यभर मोजत राहिली.

गुरुवारच्या उरलेल्या दिवसात आणि शुक्रवारी कुणी खोट्या खेपा टाकल्या नाहीत. घरात माणूस गेलेला असताना त्याच्या दारावरून एक अंडं घेऊन जायचं कसं? ज्याला खरंच काम होतं तोच गेला आणि जाताना टोपी काढून गेला. शुक्रवारी दुपारी बरणीत दोनशे चौऱ्याऐंशी होते. शनिवारी दहाला माती, बाराला नळीची पेटी उचलायला माणूस येणार. सहासष्ट कमी.

रूडी आला तो हातात बायकोनं दिलेलं बटाट्याचं भांडं घेऊन. ते ठेवलं, बसला, उठला, पुन्हा बसला. त्याला जे बोलायचं होतं ते बोलायला एखादा निगरगट्ट माणूस हवा होता, आणि गावानं त्याला अध्यक्ष केलं होतं तेवढ्यामुळं त्याच्यावर आलं होतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथंच अडलं. १९३६ च्या हिवाळ्यात हॉटेलवाल्याच्या मातीला जाताना शवपेटी फाटकाच्या पलीकडं गेली आणि मागच्या गाड्यांच्या आणि तिच्या मध्ये मालगाडी येऊन थांबली. तासभर हलली नाही. पलीकडं पाद्री आणि पेटी, अलीकडं विधवा आणि गाव. थंडी अशी की पाद्र्यानं वाट बघितली नाही. ती पोचली तेव्हा खड्डा बुजवून झाला होता. तेव्हापासून उल्मरमध्ये कुणी गाडीत बसून मातीला गेलं नाही. फाटकाच्या अलीकडं सगळ्यांनी गाड्या सोडायच्या, पेटीच्या मागं एकमेकांना चिकटून, मध्ये वारा शिरणार नाही असं चालायचं. आणि रुळांच्या मधोमध मुकादमानं लाल निशाण धरून उभं राहायचं, शेवटचा माणूस पलीकडं जाईपर्यंत. लाइलनं ते निशाण निवृत्तीनंतरही सोडलं नव्हतं. गावातली निम्मी माणसं त्यानं अशी पलीकडं पोचवली होती.

"अल्विना," रूडी म्हणाला, "आसपासच्या शेतांवरची माणसं धरून उद्या चौतीस गाड्या असतील. चौतीस जायच्या, चौतीस यायच्या. अडुसष्ट."

तिनं बरणीकडं बघितलं.

"यात खोटं काहीच नाही. तो उगाच जायला तयार नव्हता ना? उद्या सगळ्यांना खरंच काम आहे."

त्यानं हे चांगल्या मनानं म्हटलं आणि म्हणून झाल्यावर तोच दुसरीकडं बघायला लागला. अल्विना उठली, खिडकीशी गेली. सीडरच्या झाडांखाली खणलेली माती पिवळी दिसत होती. घरापासून चारशे पावलं असेल. फाटक गेलं की अकरा मैल, तेही कुणी नेलं तर. आपण रोज जायचं कसं, हा विचार तिच्या मनात आला आणि लाइल जाऊन दोन दिवस झाले नाहीत तोवर आपण रस्त्याचा विचार करतोय याची तिला लाज वाटली. पण लाज वाटूनही विचार तिथंच राहिला.

शेवटी ती म्हणाली, "गाड्यांनी जाऊ. सगळ्यांना सांग. लाइलनं एका बटणासाठी रूळ ओलांडले, तुम्हाला त्याच्यासाठी गाडीत बसून राहता येईल."

"आणि निशाण?"

"मी धरीन. मला गाडी कुठं येते?"

रूडीनं घरोघरी सांगितलं. कुणी हरकत घेतली नाही. बर्नडीननं तर प्रत्येकाकडून वदवून घेतलं की खाली उतरायचं नाही, काही झालं तरी. म्हाताऱ्या बायकांनी गाड्यांच्या पेट्रोलचीही चौकशी केली. मातीसाठी फिनिक्सहून आलेली अल्विनाची मुलगी आईला म्हणाली की आता हे सगळं सोडून माझ्याकडे चल. तर अल्विना म्हणाली की उद्याचा दिवस जाऊ दे, मग पाटीवरून दोन माणसं एकदमच कमी करायची की काय ते बघू.

शनिवारी देवळातून शवपेटी निघाली तेव्हा हवा कोरडी होती आणि नेहमीचा वारा. अल्विना आधीच पुढं जाऊन रुळांच्या मध्ये उभी राहिली होती. लाइलचं निशाण तिच्या मानानं जड होतं. त्याच्या काठीला त्याच्या मुठीची जागा गुळगुळीत झाली होती आणि तिचा हात त्या जागेत बसत नव्हता, सारखा सरकत होता. लाइल जसा करायचा तसं तिनं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, ऐकलं. कोठाराच्या पत्र्याचा आवाज, दुसरं काही नाही.

शववाहिनी सावकाश आली. नळीवर चाकं गेली, खट्ट. तिच्या मागं रूडीची गाडी, तिच्यात पुढच्या आसनावर मुलगी. त्यामागं बर्नडीन. त्यामागं रस्ताभर गाड्या, देवळापर्यंत. चौतीस. तिनं मोजल्या.

रूडीची गाडी नळीच्या अलीकडं दोन हातांवर येऊन थांबली.

अल्विनाला वाटलं, लाइलसारखा ऐकत असेल. आदरानं. तिनं मान हलवून ये म्हणून खूण केली. रूडी समोर बघत होता. त्याचे दोन्ही हात चाकावर होते आणि तोंड एखाद्यानं कानफटात मारल्यासारखं झालं होतं. मग गाडीचं दार उघडलं. एक पाय बाहेर आला, काळा बूट, चकचकीत पुसलेला. मग दुसरा. रूडी खाली उतरला, टोपी काढली आणि शवपेटीच्या मागं चालायला लागला.

ते एक दार उघडलं आणि मग रस्त्यावरून दारांचे आवाज येतच राहिले, मागं मागं, देवळापर्यंत. बर्नडीन उतरली. शेतांवरची माणसं उतरली. चाकांच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याला दोघांनी उतरवलं. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. अल्विनाला ओरडावंसं वाटलं, अरे बसा, आत बसा. पण मातीला कुणी ओरडत नाही, आणि हातातलं निशाण खाली करता येत नव्हतं.

ते आले. एकमेकांना चिकटून, मध्ये वारा शिरणार नाही असे. नळीवरून गेले, म्हाताऱ्याच्या खुर्चीची बारकी चाकंही गेली. सवयीनं तिचे ओठ मोजत होते. शहाण्णव माणसं. त्या शहाण्णव माणसांच्या खाली नळी मुक्यासारखी पडून होती आणि लोखंडी पेटीत काही वाजलं नाही. मुलगी जवळ आली तशी थबकली. तिलाही, वीस वर्षं बाहेर राहून, पाय आवरले नव्हते. अल्विना तिला हळूच म्हणाली, "चल पुढं. मध्ये जागा सोडू नको."

शेवटचा माणूस गेल्यावर तिनं निशाण गुंडाळलं आणि सगळ्यांच्या मागून गेली.

परत येतानाही सगळे चालतच आले, कारण गाड्या उत्तरेलाच होत्या. शववाहिनी तेवढी परत गेली, खट्ट. देवळाच्या तळघरात डुकराचं मांस, बटाटे, लिंबाच्या रंगाची जेली असं सगळं मांडलं होतं. बारा वाजता कचेरीतला माणूस आला, रस्ताभर उभ्या असलेल्या रिकाम्या गाड्या बघून त्यानं विचारलं की आज काही कार्यक्रम आहे का? त्यालाही ताट दिलं. जेवण झाल्यावर तो नळी आणि तिची पेटी घेऊन गेला.

अल्विनानं बरणीत दोन दाणे टाकले. दोनशे शहाऐंशी. मग खणातून सात काढला, एप्रनला पुसला आणि स्टेशनच्या भिंतीवर जाऊन आठाच्या जागी लावला.

रूडी तिच्या मागोमाग आला होता. म्हणाला, "मी पायाला सांगत होतो, अल्विना. शप्पथ. तो ऐकेना."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. तिला त्याच्यावर रागवायचं होतं. तिनं मनातल्या मनात बराच शोध घेतला, पण राग काही सापडला नाही. सापडला असता तर बरं झालं असतं.

जूनमध्ये दुसरं पत्र आलं. सरासरी वाहनं ४१. पादचाऱ्यांची नोंद नाही. कारकून म्हणून ते पाटीशेजारी चिकटवायचं काम अल्विनाचंच होतं, ते तिनं केलं. ऑगस्टमध्ये फळ्या उखडल्या, दोन्ही बाजूंना लोखंडी अडथळे बसवले आणि रुळांच्या कडेनं तारेचं कुंपण घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टपालाच्या वेळेला ती सवयीनं पर्स घेऊन निघाली आणि कुंपणापर्यंत जाऊन उभी राहिली. पलीकडं बर्नडीन पोस्टाच्या दारात होती. तिनं पाकीट उंच करून दाखवलं. वारा होता, काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

दक्षिणेची एकोणीस माणसं हळूहळू टिल्टनच्या देवळात जायला लागली. तेच त्यांना जवळ पडायचं. दोन वर्षांत पोस्ट बंद झालं आणि बर्नडीन बहिणीकडं गेली. अल्विनानं आकडे बदलले. मुलीचे फोन येत. ती बघू म्हणायची. मुलीला खिडकीबद्दल काय सांगायचं? लाइल दिसतो, म्हणून निघवत नाही, असं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

दर रविवारी देवळानंतर रूडी तिला अकरा मैल फिरवून कबरस्तानात आणत असे. कुणी त्याला तसं सांगितलं नव्हतं, आणि एकही रविवार त्यानं चुकवला नाही. वाटेत तो हवामानाबद्दल बोलायचा. ती हो म्हणायची.

अशाच एका ऑक्टोबरच्या रविवारी तिनं लाइलच्या दगडावरची सीडरची पानं झाडली आणि वर बघितलं. रुळांपलीकडं तिचं घर उभं होतं. मोरीवरची खिडकी, खिडकीतली बरणी, बरणीवर पडलेलं ऊन, सगळं दिसत होतं. सकाळी गॅस बंद केला की नाही ते आठवेना. केला नसता तर इथून ज्योतही दिसली असती असं वाटत होतं. तेवढ्यात पश्चिमेकडून मालगाडी आली आणि घर गेलं. वाघिणींमागून वाघिणी. ती मोजत उभी राहिली. एकशे दहा झाल्या आणि घर पुन्हा होतं तिथं आलं.

रूडी टोपी हातात घेऊन गाडीशी थांबला होता. कोट सावरत ती त्याच्याकडं वळली.

"चल रूडी," ती म्हणाली. "लांब जायचंय."